गाळलेले दोन प्रश्न

तळहाताएवढी पत्र्याची पाटी. लाल रंग, पांढरी अक्षरं. वर भोक, भोकात सुतळी.

*

पोहण्याच्या तलावात पहिल्या आठवड्यात पोहायला शिकवत नाहीत. पाण्याखाली तोंड घालून श्वास धरायला शिकवतात. शिक्षक काठावर उभा राहून मोठ्यानं आकडे म्हणतो.

*

एकाच राउटरमधून दोन वायफाय देता येतात. एक घरच्यांसाठी, एक पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या वायफायवर असलेल्याला इंटरनेट मिळतं, हवं तर कमी वेगानं, पण घरातल्या बाकीच्या वस्तू दिसत नाहीत. पाहुणा बाहेरच्या खोलीत बसतो तसं. चहा मिळतो, आत कोण आहे ते कळत नाही.

*

स्टूल सागवानी, सव्वादोन फूट उंच. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. घडी आईनं घातलेली.

*

ग्राहकाशी फोनवर बोलताना प्रश्न याच क्रमानं विचारावेत. क्रम मोडू नये.
एक. वीज आहे का?
दोन. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर आहेत का?
तीन. राउटरवर कुठले दिवे लागलेत?

*

बार्शीत मार्चच्या दुपारी पंखा लावल्याशिवाय कोणी बसत नाही.

*

"नंदू, दिसंना झालंय रे काही."

"काय दिसत नाही, तात्या?"

"ते तू बसवलंयस ते. टीव्हीतलं."

शनिवार होता, दोन वाजून गेले होते. मी पुण्यात, तलावाच्या काठच्या सिमेंटच्या पायरीवर बसलो होतो. शर्वी, माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची, पाण्यात होती. तात्या, माझे वडील, बार्शीच्या घरात एकटे होते. दुसऱ्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध. गुरुजी सकाळी नऊला यायचे होते. आईची थोरली बहीण, सोनामावशी, तुळजापूरहून त्याच संध्याकाळी येणार होती. आम्हीही शर्वीचा क्लास आटोपला की निघणार होतो.

दिसत नव्हतं ते असं. आईचे त्रेसष्ट व्हिडिओ होते माझ्याकडे. काही फोनवर काढलेले, काही जुन्या कॅसेटवरून उतरवलेले. ते सगळे मी एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरले होते आणि तो कॉम्प्युटर, पडद्याशिवायचा नुसता डबा, आईच्या शिलाई मशीनच्या पायडलवर ठेवून दिला होता. असा डबा दर थोड्या वेळानं घरभर पुकारा करतो, मी इथं आहे, मी इथं आहे. टीव्हीनं तो पुकारा ऐकायचा आणि आपल्या यादीत त्याचं नाव दाखवायचं. नावावर बटण दाबलं की व्हिडिओ सुरू. आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी हे सगळं बसवलं. तात्यांनी एकदाच विचारलं होतं, "आहे ना ती त्यात?"

"आहे."

"असू दे मग."

त्यानंतर दहा महिने त्यांनी ते उघडलं नव्हतं.

"आजच कशाला बघताय?" मी विचारलं. "रात्री मी येतोच आहे."

पलीकडे पंख्याचा आवाज. त्यांचा हॉलमधला पंखा प्रत्येक फेरीला टक् करायचा.

"उद्या सगळी असणार," ते म्हणाले. "तुझी मावशी असणार. सगळ्यांच्यात बसून पहिल्यांदा बघायला नको वाटतं. आधी एकदा एकट्यानं बघून घ्यावं म्हटलं."

असं काही ते बोलत नसत. मी उठून उभा राहिलो.

"टीव्हीच्या पडद्यावर काय आलंय? वाचा."

"नो. डि-व्हा-ईस. फाउंड."

"खाली यादी आहे? नाव आहे का कुठलं?"

"कुणाचं नाव?"

"डब्याला मी आईचं नाव दिलंय. प्रयाग."

टक्. टक्. टक्.

"नाही," ते म्हणाले. "तिचं नाव नाही."

लग्नातल्या उखाण्यानंतर तात्यांनी आईचं नाव कधी घेतलं असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशीही घेतलं नाही.

*

मी तेव्हा एका इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रात होतो. चाळीस मुलंमुली कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची घरं फोनवरून दुरुस्त करायची आणि मी त्यांचा प्रमुख होतो. वरचे तीन प्रश्न मी लिहिलेले. छापून चाळीसही टेबलांवर चिकटवलेले. "क्रम मोडू नये" हे वाक्य माझं. नवीन मुलं विचारायची, सर, वीज आहे का असं कसं विचारायचं, लोक चिडतात. मी सांगायचो, चिडू दे. दहातल्या तीन घरांत कोणीतरी बटण बंद केलेलं असतं.

तात्यांच्या बाबतीत मी तिसऱ्या प्रश्नावर उडी मारली.

*

उडी लगेच मारली नाही. हे नीट सांगायला हवं. आधी वीस मिनिटं खालच्या खालीच गेली.

"टीव्हीवर दुसरं काही लागतंय का? भजन वगैरे?"

"लागतंय की. मघाशी ऐकत होतो."

"म्हणजे इंटरनेट आहे. डबा गरम लागतोय?"

"थांब." पावलं. "लागतोय. हिरवा दिवा आहे. घुं घुं करायलाय."

"म्हणजे डबा चालू."

"टीव्ही चालू, डबा चालू, नेट चालू. तिघं एका घरात आहेत आन् एकमेकांशी बोलंनात. तुझ्या चुलत्यांच्या घरासारखं."

मी हसलो. तेही हसले असावेत. पंख्यामुळे नीट कळलं नाही.

"तात्या, पंखा बंद करा जरा. ऐकू येत नाही मला."

"उकडून मरायला लावतोस का?"

टीव्ही बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबायचं आणि प्रत्येक वेळी तेच, नो, डिव्हाईस, फाउंड. पाण्यात शिक्षक आकडे म्हणत होता. शर्वीनं अकराला डोकं वर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी फोन कानाला लावूनच अंगठा दाखवला.

"राहू दे नंदू," तात्या म्हणाले. "तू आलास की बघ. मी पडतो जरा."

हे त्यांचं वाक्य. अगदी याच शब्दांत.

आणि माझं वाक्य: "नाही नाही, पाच मिनिटांचं काम आहे. असली रोज चाळीस करतो मी. तुम्ही फक्त मी सांगतो तेवढं करा."

"बरं सांग."

"राउटर बघावा लागेल."

"माळ्यावरचा?"

राउटर मी त्यांच्या माळ्यावर ठेवला होता. मधल्या बोळात, न्हाणीच्या दाराच्या वर जो माळा आहे तिथं. वायर दिसायला नको, भिंतीला भोकं पाडायला नकोत, आणि तिथून वायफाय दोन्हीकडच्या खोल्यांत पोचतं. मागं विजेचा सॉकेट होता, पुढं पितळेच्या भांड्यांचं खोकं.

"स्टुलावर चढता येईल ना?"

"स्टुलावर चढता येईल ना म्हणं," ते म्हणाले. "अरे, अकरा मीटरचा खांब चढत होतो मी, तुझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा. थांब जरा."

त्यांनी फोन शर्टाच्या खिशात टाकला. कापडाची खसखस. पावलं लांब गेली, परत आली. स्टूल सरकल्याचा आवाज. मी तलावाकडे बघत होतो. शिक्षकानं शिट्टी वाजवली, सगळी मुलं काठाला लोंबकळली.

"हां. बोल."

आवाज एकदम स्वच्छ आला. टक् टक् नाही, खरखर नाही.

"आता छान ऐकू येतंय," मी म्हणालो.

"बोल, बोल. वर आहे मी."

"राउटर दिसतोय? काळी पेटी. तिच्या पुढच्या बाजूला बारीक दिवे असतील. कुठले लागलेत?"

"एकही नाही."

"नीट बघा. चार असतात."

"नंदू, चौतीस वर्षं हेच बघायचं काम केलंय. एकही नाही. सगळं थंड आहे." त्यांचा आवाज खूश होता. कामावरचा आवाज होता तो, लहानपणी डबा द्यायला गेलो की ऐकू यायचा तसा. "बोल, हात घालू का?"

मलाही बरं वाटलं. दोष सापडला होता. राउटरचा अडॅप्टर, म्हणजे सॉकेटमध्ये खोचायचा तो चौकोनी ठोकळा, मरायला टेकलेला असणार. कधी चालतो, कधी बंद पडतो. मघाशी चालू होता, आता बंद पडलाय. म्हणूनच डब्याचा पुकारा टीव्हीपर्यंत पोचत नसणार. सगळं जुळत होतं.

"घाला हात," मी म्हणालो. "मागं सॉकेटमध्ये अडॅप्टर आहे तो काढायचाय."

"भांड्यांच्या मागं?"

"हो."

"हात पोचंना."

"थोडं पुढं वाका."

"एकच हात मोकळा आहे माझा."

दुसऱ्या हातात काय आहे, हे मी विचारलं नाही.

"दुसऱ्या हातानं माळा धरा आणि वाका. होईल."

"थांब. एक पायरी अजून पाहिजे." स्टुलाचा आवाज, मग पत्र्याचा. आईची ट्रंक ओढून त्यांनी स्टूल तिच्यावर ठेवलं असावं. त्या वेळी मला ते कळलं नाही असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. कळलं होतं. मी त्या घरात वाढलोय. त्या ट्रंकेचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

"सावकाश," मी म्हणालो.

"हां, लागला हाताला. नंदू, हा घट्ट बसलाय रे."

"हलवा जरा. ओढा जोरात."

*

त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही.

*

"तात्या?"

"तात्या?"

"तात्या, बोला. तात्या?"

फोन चालू होता. पडद्यावर मिनिटं पुढं जात होती, एकतीस, बत्तीस. आत कुठलाच आवाज नव्हता. पंखा नाही. फ्रिज नाही. डब्याचं घुं घुं नाही. मार्च महिना, बार्शी, दुपारचे पावणेतीन, आणि पंख्याचा आवाज नाही. हे माझ्या कानात शिरलं. डोक्यात शिरलं नाही.

मग श्वासासारखं काहीतरी आलं.

शेजारच्या ढगेकाकूंचा नंबर माझ्या त्याच फोनमध्ये होता. पाठ नव्हता. दुसरा फोन करायचा तर हा तोडावा लागणार किंवा अडकवून ठेवावा लागणार. मी तात्यांना होल्डवर ठेवलं. आमच्या केंद्रात होल्डवर टाकण्याआधी परवानगी घ्यावी लागते, कृपया एक मिनिट थांबाल का, असं विचारून. ग्राहक हो म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही.

"काकू, नंदू बोलतोय. आमच्याकडं जा. आत्ता. तात्या पडलेत."

"अगं बया! कुठं पडले?"

"बोळात. माळ्याखाली. पळा, काकू. मागचं दार उघडं असेल."

त्यांनी फोन चालूच ठेवला. चपला. फाटकाची कडी. मागच्या दाराचा आवाज.

"अंबादासभावजी? ओ भावजी?" मग मला, "काय दिसंना रे इथं. लाईट गेलीय का तुमची?"

"काय?"

"लाईट नाही तुमच्या घरात. आमची तर हाय."

मी पायरीवर बसलो.

"लावते बटण, थांब," काकू म्हणाल्या. "लागंना. बोर्डावर बघते मेन पडलाय का."

आणि मग फोनमध्ये लांबून, खालून, तात्यांचा आवाज आला. हळू होता, पण स्पष्ट होता. काकूंनाही ऐकू आला, मलाही.

"मेन टाकू नका. माणूस आहे लाईनवर."

*

पुन्हा सांगतो. या वेळी त्यांच्या बाजूनं.

ते वीज मंडळात लाईनमन होते. खांबावर चढण्याआधी परमिट घ्यायचं, म्हणजे त्या लाईनचा पुरवठा बंद केल्याचा कागद हातात घ्यायचा, हा नियम. कागद हातात आला तरी लगेच हात लावायचा नाही. आधी तपासायचं, लाईन मेलीय का. दिवा बघायचा. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, आता हात घाल. त्यांचा एक जोडीदार, भीमा नावाचा, लाईन बंद आहे असं समजून वर गेला होता. त्याला खाली उतरवायला तात्याच चढले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

त्या दिवसापासून घरातही ते मेन पाडल्याशिवाय कशाला हात लावत नसत. ट्यूबलाईट, मिक्सर, इस्त्रीची वायर, काहीही असो. आई कावायची. शेजारी हसायचे. मला ते इतकं माहीत होतं की माहीत आहे हेही मी विसरलो होतो.

तर, "थांब जरा" म्हणून ते बाहेरच्या दाराजवळच्या बोर्डाकडं गेले आणि त्यांनी मेन पाडला. बोळाला खिडकी नाही, अंधार झाला. त्यांनी बॅटरी घेतली. एका हातात बॅटरी, खिशात मी. वर चढले आणि मी विचारलं, कुठले दिवे लागलेत. त्यांना वाटलं, पोरगं शिकलंय. लाईन मेलीय का ते आधी विचारतंय. त्यांनी अभिमानानं सांगितलं, एकही नाही, सगळं थंड आहे, हात घालू का?

आणि मी म्हणालो, घाला.

चार दिवे लागलेले असते, तर मी त्यांना खाली उतरवलं असतं. पुढचं सगळं काम टीव्हीपाशी होतं, खुर्चीत बसून करायचं.

पहिला प्रश्न मी का गाळला, ते एवढंच. आयुष्यभर लोकांच्या घरी वीज पोचवणाऱ्या माणसाला त्याच्या मुलानं विचारायचं नसतं, तात्या, वीज आहे का. मला तो आगाऊपणा वाटला.

दुसरा का गाळला? टीव्ही मीच जोडला होता. माझ्या हातानं जोडलेली गोष्ट काय विचारायची.

*

त्यांना सोलापूरला नेलं. मी पुण्याहून परस्पर तिकडं गेलो. काकूंनी "मेन टाकू नका" नंतर काही ऐकलं नाही. रिक्षातही ते काही बोलले नव्हते. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडावर धरून मला दाखवला. तरुण डॉक्टर होते. "पडले कसे?" त्यांनी विचारलं.

"स्टुलावरून."

"या वयात स्टुलावर कशाला चढले?"

माझी बायको माझ्याकडं बघत होती. तलावावरून मी तिला फोन केला तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

"राउटर बघायला," मी म्हणालो.

"तुम्ही लोकांनी एखादा टेक्निशियन बोलवायचा ना," डॉक्टर म्हणाले.

रविवारी सकाळी मी बार्शीला गेलो. त्यांचं आधार कार्ड आणि पेन्शनची कागदं हवी होती. गुरुजी दारात उभे होते. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. हातात पिशवी, पिशवीतून दर्भ बाहेर आलेले. मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि गेले. सोनामावशी रात्रीपासून ढगेकाकूंकडं होती.

घरात दुधाचा वास सुटला होता. फ्रिजखाली पाणी आलं होतं. काकू माझ्या मागून मोबाईलचा उजेड धरून येत होत्या.

"मी नाही टाकला मेन," त्या म्हणाल्या. "कुणाला टाकू दिला नाही. भावजी तसं म्हणाले म्हणून. दूध नासलं बघ सगळं."

"बरं केलंत."

"त्यांची बॅटरी चालूच होती रे, ट्रंकेमागं पडलेली. मी बंद केली."

बोर्ड दाराच्या आत, डाव्या हाताला. मेनचा दांडा खाली होता. दांड्याला सुतळीनं पाटी लटकत होती. निवृत्त झाले तेव्हा कार्यालयातून त्यांनी एवढी एकच वस्तू मागून आणली होती. कसा आहेर मागितला बघा, असं आई सगळ्यांना सांगायची. मी काकूंच्या हातातला मोबाईल घेऊन पाटीवर धरला.

माणूस लाईनवर आहे. स्विच टाकू नये.

पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची, हा त्यांच्या कामातला पक्का नियम. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, साहेबानंसुद्धा नाही. मी कागदं घेतली आणि मोबाईलच्या उजेडातच बाहेर पडलो.

"आन् मेन?" काकूंनी विचारलं.

"राहू दे. ते येतील."

*

मंगळवारी पहाटे ते गेले. शुद्धीवर आले नाहीत.

घरी आणायचं म्हणून मी पुढं निघालो. पाटी मी काढली. सुतळीची गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. मेन टाकला. एकाच वेळी पंखा, फ्रिज, बोळातला दिवा, न्हाणीतला दिवा, सगळं चालू झालं. त्यांनी काही बंदच केलं नव्हतं, फक्त मेन पाडला होता. टक् टक् सुरू झालं. माळ्यावर भांड्यांमागं चार दिवे लागले, चारही हिरवे. अडॅप्टरला काही झालेलं नव्हतं. तो अर्धवट बाहेर आला होता, आणि तरीही व्यवस्थित चालत होता.

चौथ्या दिवशी दुपारी माणसं पांगल्यावर सोनामावशी हॉलमध्ये बसली होती. तिला फार ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्यानं बोलते.

"नंद्या, ह्याच्यातच हाय व्हय ती?" तिनं टीव्हीकडं बोट केलं.

"हो."

"दाव की मग."

"मावशी, सुतकात कशाला?"

"माझी बहीण हाय ती. मला कसलं सुतक सांगतो तू? तिच्या मातीलासुद्धा आले न्हाई मी, दवाखान्यात पडले होते. दाव."

मी टीव्ही लावला. नो डिव्हाईस फाउंड. मी रिमोटनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेलो आणि एक गोष्ट बदलली. त्याला वीस सेकंद लागली असतील, खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. मागं आलो तर यादीत पहिलंच नाव होतं. प्रयाग.

मावशी पुढं सरकून पडद्याला चिकटूनच बसली. मी मधलाच एक व्हिडिओ लावला, तीन वर्षांपूर्वी फोनवर काढलेला. स्वयंपाकघर. आई मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करतेय, माझ्याकडं बघून म्हणतेय, तोंडासमोरून काढ ते, माझ्या अंगावर धड पातळ नाही. मावशी हसली, पडद्यावरच्या आईच्या गालाला तिनं हात लावला. मग पडदा काळा झाला. मिक्सर थांबला.

"बंद पडलं का रं?" मावशी ओरडली.

बंद पडलं नव्हतं. व्हिडिओच तसा होता. काळ्या पडद्यातून आईचा आवाज आला.

"पाडला व्हय परत मेन? अहो! सांगत तरी जावा. अर्धी चटणी तशीच राहिली माझी."

लांबून, बाहेरच्या खोलीतून, तात्या:

"सांगायचं काय त्यात? नंदूला विचार. त्याला ठाऊक असतंय."

आणि अंधारात मी हसतोय. बराच वेळ हसतोय.

*

आदल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, शर्वी त्या टीव्हीवर कार्टून बघत होती आणि माझ्या लॅपटॉपवरची ऑफिसची मीटिंग अडकत होती, म्हणून टीव्ही मी पाहुण्यांच्या वायफायवर टाकला होता.